ताशी तीस डॉलरचं काम आणि तासिकेची नोकरी

पत्र:

सेंद्रिय रसायनशास्त्रात माझी पीएच.डी. झाली आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते. मानधन कधी चार महिन्यांनी येतं, कधी सहा. गेल्या महिन्यात लिंक्डइनवर निरोप आला: एआयला रसायनशास्त्र शिकवायला तज्ज्ञ हवेत, काम घरून, ताशी ३० डॉलर. मी चाचणी दिली. विद्यापीठाचे पेपर तपासते तशीच दोन उत्तरं तपासली, गुण दिले, शेरे लिहिले. दोन दिवसांनी 'निवड झाली नाही' एवढंच कळवलं, कारण दिलं नाही. आता दुसऱ्या कंपनीची मुलाखत आहे. धाकटा भाऊ म्हणतो, उत्तरं चॅटजीपीटीकडून लिहून घे, कोण बघतंय. नवऱ्याला हे सगळं फसवणुकीचं वाटतं. हे काम खरं असतं का? चाचणीत माझं काय चुकलं असेल? जमलं तर तासिका सोडावी का? आणि विचारायला संकोच वाटतो, पण उद्या हेच यंत्र शिकवायला लागलं तर मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतेय का?
— तासिकेवरची एक, वाळवा तालुका

ताई,

काम खरं आहे, आणि त्याच्या नावाखाली होणारी फसवणूकही खरी आहे. यजमानांची शंका अगदीच अनाठायी नाही. पण दोन्ही वेगवेगळे ओळखता येतात.

हे काम निघालं कशातून ते आधी बघू. २०२२ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने इन्स्ट्रक्टजीपीटी या आधीच्या मॉडेलचा शोधनिबंध काढला. त्यासाठी उत्तरं पारखायला आणि नमुना उत्तरं लिहायला त्यांनी अपवर्क आणि स्केल एआय या कंत्राटी माणसं पुरवणाऱ्या कंपन्यांमार्फत सुमारे ४० जण घेतले होते. पत्र लिही, उताऱ्याचा सारांश कर, एवढ्या कामाला नीट वाचता-लिहिता येणारा माणूस पुरतो. विषय खोल गेला की तो पुरत नाही. २०२३ मध्ये जीपीक्यूए नावाचा जीवशास्त्र, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या ४४८ प्रश्नांचा संच आला. त्यात त्या-त्या विषयात पीएच.डी. झालेल्या किंवा करत असलेल्या माणसांना ६५ टक्के जमलं. दुसऱ्या विषयातल्या हुशार माणसांना इंटरनेट खुलं होतं, प्रश्नामागे सरासरी अर्ध्या तासाहून जास्त वेळ त्यांनी घालवला, तरी गाडी ३४ टक्क्यांवर अडली. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी २५ टक्के मिळतात, हे लक्षात घ्या. म्हणजे रसायनशास्त्रातलं सफाईदार पण चुकीचं उत्तर पकडायचं तर रसायनशास्त्र आलेलाच माणूस लागतो. आरोग्याच्या प्रश्नांवर एआयची उत्तरं तपासणाऱ्या २०२५ च्या हेल्थबेंच या संचासाठी ६० देशांत काम केलेल्या २६२ डॉक्टरांची मदत घेतली गेली. त्यातल्या ५,००० संभाषणांना मिळून ४८,५६२ निकष, म्हणजे उत्तराला गुण द्यायच्या एकेक ओळी, आहेत. तुम्हाला आलेला निरोप याच गरजेतून आला असणार, आणि तुमची चाचणीही बहुधा 'निकष' या शब्दापाशीच अडली.

त्याआधी फसवणुकीचं सांगते. नोंदणी फी, अनामत, प्रशिक्षणाचा खर्च, यातलं काहीही मागितलं तर तिथेच थांबायचं. या धंद्यातली खरी कंपनी पैसे देते, घेत नाही. टेलिग्रामवर 'टास्क' देणारे, एनीडेस्क (दुसऱ्याला तुमचा पडदा चालवू देणारं अ‍ॅप) घ्यायला लावणारे, ओटीपी विचारणारे, हे सगळे त्याच माळेतले. निरोप लिंक्डइनवर आला तरी पुढचा ईमेल कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावरून आलाय का ते बघा, आणि जाहिरात कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन शोधा. ओळखपत्र आणि सेल्फी मात्र खऱ्या कंपन्याही मागतात. पासपोर्ट असेल तर तोच द्या. आधार द्यायचीच वेळ आली तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्या. तुमचं पडताळणी झालेलं खातं 'भाड्याने' मागणारेही भेटतील. त्यांना ते कधीही देऊ नका, कारण उद्या जे काही होईल ते तुमच्या नावावर होईल. पैसे गेलेच तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा.

आता चाचणी. पेपर तपासताना 'पायरी चुकली, ५ पैकी २' एवढं पुरतं, कारण मॉडरेटरलाही विषय येतो. इथे तुमचा शेरा वाचणारा कदाचित भौतिकशास्त्राचा असेल, आणि त्याच्यानंतर तो वाचणारं एक मॉडेल, म्हणजे ज्याला शिकवायचंय ते एआय, असेल. तुम्ही 'चूक' म्हणालात यावर त्यांचं भागत नाही. नेमकं कुठे चुकलं, का चुकलं आणि बरोबर काय, हे तुमच्या लिखाणावरूनच कळायला हवं.

एक उदाहरण घेऊ, तुमच्याच वर्गातलं. मेंथिल क्लोराइडवर इथेनॉलमध्ये सोडियम इथॉक्साइडची प्रक्रिया केली तर मुख्य अल्कीन (दुहेरी बंध असलेलं संयुग) कोणतं? समजा मॉडेलने झायत्सेव्हचा नियम (दुहेरी बंधावर जास्त गट असलेलं अल्कीन मुख्य) लावला आणि ३-मेंथीन दिलं, कारण त्याच्या दुहेरी बंधावर गट जास्त. भाषा छान आहे, आत्मविश्वास भरपूर आहे, उत्तर चुकलं आहे. पेपरावर तुम्ही लिहाल, 'झायत्सेव्ह लागू नाही.' इथे असं लिहायला हवं:

'अंतिम उत्तर चूक. ३-मेंथीन दिलं आहे, बरोबर उत्पादन २-मेंथीन. पहिली चूक तिसऱ्या पायरीत आहे: त्रिमितीय रचना न तपासता झायत्सेव्हचा नियम लावला. ई२ मार्गात (क्लोरीन आणि हायड्रोजन एकाच टप्प्यात निघतात तेव्हा) क्लोरीन कड्याला उभा, म्हणजे अ‍ॅक्सिअल लागतो आणि शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला लागतो. मेंथिल क्लोराइडच्या स्थिर खुर्चीत (कड्याच्या खुर्चीसारख्या आकारात) क्लोरीन, आयसोप्रोपिल आणि मिथाइल हे तिन्ही गट कड्याला आडवे, म्हणजे इक्वेटोरिअल असतात. खुर्ची उलटली की तिन्ही अ‍ॅक्सिअल होतात. तेव्हा आयसोप्रोपिल असलेल्या कार्बनवर क्लोरीनच्या विरुद्ध बाजूला आयसोप्रोपिलच येतं, हायड्रोजन नाही. योग्य हायड्रोजन फक्त दुसऱ्या शेजारच्या कार्बनवर मिळतो. पहिल्या दोन पायऱ्या बरोबर आहेत.'

शेवटचं वाक्य बहुतेक जण विसरतात. पहिली चूक कुठे झाली आणि तिथपर्यंतचं बरोबर होतं, हे सांगण्याला स्वतंत्र किंमत आहे. ओपनएआयने २०२३ मध्ये गणिताच्या उत्तरांतली एकेक पायरी माणसांकडून तपासून घेतली आणि अशा सुमारे ८ लाख खुणांचा संच खुला केला, तो यासाठीच. फक्त शेवटच्या उत्तरावर शिकवलेलं मॉडेल चुकीच्या वाटेने बरोबर उत्तराला पोचायलाही शिकतं.

याच प्रश्नाचे निकष लिहायला सांगितले तर ते असे होतात:

मुख्य उत्पादन २-मेंथीन असं स्पष्ट म्हटलं आहे: +१०
ई२ साठी क्लोरीन अ‍ॅक्सिअल लागतो असं म्हटलं आहे: +५
प्रक्रिया होताना तिन्ही गट अ‍ॅक्सिअल असतात हे सांगितलं आहे: +४
आयसोप्रोपिल असलेल्या कार्बनवर क्लोरीनच्या विरुद्ध दिशेला हायड्रोजन नाही, म्हणून ३-मेंथीन होत नाही, हे सांगितलं आहे: +५
३-मेंथीन हे मुख्य उत्पादन म्हटलं आहे: −८

प्रत्येक ओळीत एकच गोष्ट हवी, आणि तिचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच निघायला हवं. 'यंत्रणा नीट समजावली आहे' हा निकष परत येतो, कारण 'नीट' म्हणजे किती, यावर दोन तपासनिसांचं जुळत नाही. 'योग्य उत्पादन दिलं आहे' हाही परत येतो, कारण योग्य कोणतं ते ओळीतच नाही. 'अ‍ॅक्सिअल क्लोरीन आणि विरुद्ध हायड्रोजन दोन्ही सांगितले' ही ओळ दोन निकषांत फोडावी लागते, नाहीतर एकच सांगणाऱ्याला काय द्यायचं ते कळत नाही. आणि एकच चूक दोन ओळींत दोनदा कापली जात नाही ना, ते बघा. कसोटी सोपी आहे: रसायनशास्त्र न शिकलेल्या घरच्या कुणाला मॉडेलचं उत्तर आणि तुमची यादी द्या आणि खुणा करायला सांगा. त्यांना तुम्हाला हाक मारावी लागली तर ती ओळ कच्ची आहे. (हा सराव पाठ्यपुस्तकातल्या प्रश्नावर करा. कंपनीचा प्रश्न घरातल्यांनाही दाखवायचा नसतो.)

प्रश्न लिहायचं काम मिळालं तर सगळ्यात जास्त प्रश्न संदिग्धपणामुळे नापास होतात. वरच्याच प्रश्नात 'सोडियम इथॉक्साइड' गाळून 'इथेनॉलमध्ये तापवलं' एवढंच लिहिलंत, तर मजबूत बेस नसल्याने मार्ग ई१ (आधी क्लोरीन सुटतो, मग हायड्रोजन) होतो आणि ३-मेंथीनच जास्त मिळतं. मग तुमचं उत्तर चूक आणि मॉडेलचं बरोबर. तेव्हा बेस, त्याचं प्रमाण, विद्रावक, तापमान आणि सुरुवातीच्या संयुगाची त्रिमितीय रचना सगळं लिहा. उत्तर एकच निघायला हवं. नुसता आकडेमोडीचा डोंगर रचून प्रश्न अवघड करू नका, त्याला तपासनीस किंमत देत नाहीत. मेंथिल क्लोराइड मी समजावण्यापुरतं घेतलं. ते पाठ्यपुस्तकांत आहे, म्हणजे मॉडेलने ते वाचलेलं आहे, आणि असे प्रश्न नकलेच्या तपासणीत अडकतात. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकांना तर हातही लावू नका, तुम्ही स्वतः काढलेल्या असल्या तरीही. तुमचं अप्रकाशित संशोधनही तिथे घालू नका, कारण करारानुसार तिथे लिहिलेलं सगळं कंपनीच्या मालकीचं होतं. शोधनिबंध अजून छापून यायचा असेल तर हे फार महागात पडतं.

कामाच्या सूचनांचा दस्तावेज मोठा असतो. तो शेवटच्या पानापर्यंत वाचा आणि शक्य असेल तर परीक्षेच्या वेळी दुसऱ्या खिडकीत उघडा ठेवा. पात्रता परीक्षेला बऱ्याचदा एकच संधी मिळते, आणि तिथे तुमच्या मतापेक्षा त्यांच्या सूचनांना मान असतो. अचूकता आधी, मांडणी नंतर, असं लिहिलं असेल तर रटाळ पण बरोबर उत्तराला वर ठेवायचं. तुम्हाला ते शिक्षिका म्हणून पटलं नाही तरी.

मुलाखत बहुतेक यंत्रच घेईल. कॅमेऱ्यासमोर वीसेक मिनिटं बोलायचं असतं आणि प्रश्न तुमच्या सीव्हीवरून येतात. फळ्यावर सोडवताना तोंडाने जशी एकेक पायरी बोलता, तसंच बोला. वीज जाण्याची वेळ माहीत असेल तर ती टाळा आणि मोबाईलचा हॉटस्पॉट आधीच जोडून बघा.

भावाला सांगा की बघणारे आहेत. चॅटजीपीटीचं लिखाण आपलं म्हणून दिलं तर बहुतेक करारांत खातं बंद होतं आणि थकलेले पैसेही अडकू शकतात. स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल संस्थेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये सारांशाचं काम ऑनलाइन कामगारांना दिलं आणि कळफलकाच्या नोंदींची मदत घेऊन ताडून पाहिलं. ३३ ते ४६ टक्के जणांनी मॉडेलकडून लिहून घेतलं असावं असा त्यांचा अंदाज निघाला. तेव्हापासून कंपन्या सावध आहेत. एका झटक्यात चिकटवलेला मोठा मजकूर संशयात येतो. त्यामुळे वर्डमध्ये लिहून चिकटवू नका. कागदावर कच्चं काम करा आणि थेट चौकटीत टाइप करा. शिवाय यात मूळ मुद्दाच बुडतो: मॉडेलला जे येत नाही ते सांगायला तुम्हाला घेतलं, आणि तुम्ही ते मॉडेललाच विचारलंत. चुकीचं ३-मेंथीन तुमच्या सहीने परत आत जाईल. व्हीपीएन लावून अमेरिकेत असल्याचं भासवण्याचा सल्लाही कुणी देईल, कारण देशागणिक दर वेगळे असतात. त्यानेही खातं कायमचं जातं.

आता ३० डॉलरचा हिशेब. जाहिरातीतला तास आणि तुमचा तास सारखा नसतो. समजा महिन्यात पैसे मिळालेलं काम १२ तास झालं, म्हणजे ३६० डॉलर. सूचना वाचणं आणि परीक्षा ५ तास, बिनपगारी. काम येतंय का बघत, परत आलेलं दुरुस्त करत ४ तास. झाले २१ तास, म्हणजे खरा दर १७ डॉलरच्या आसपास. काही प्रकल्पांत एका कामाला जास्तीत जास्त किती वेळाचे पैसे मिळतील ते ठरलेलं असतं, त्यापुढचा वेळ तुमच्या खिशातून. म्हणून पहिल्या दिवसापासून वही घाला: तारीख, किती वेळ बसले, किती वेळाचे पैसे मिळाले, खात्यात किती आले. पेपलने पैसे आले तर रुपयांत बदलताना बाजारभावापेक्षा काही टक्के कमी मिळतात, तेही वहीत दिसेल. दोन आठवड्यांहून जास्त थकबाकी साचू देऊ नका. करारात वाद परदेशातल्या लवादापुढे नेण्याचं कलम असतं, आणि शे-दोनशे डॉलरसाठी तिथवर कुणी जात नाही.

तासिका सोडू नका, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. हे काम पावसाळी ओढ्यासारखं आहे. एक आठवडा रोज सहा तास मिळेल, पुढचे तीन आठवडे कामांची रांग रिकामी. मॉडेल कार्बोनिल रसायनात सुधारलं की तो प्रकल्प त्याच दिवशी बंद होतो, नोटीस वगैरे काही नाही. पीएफ नाही, रजा नाही. आणि प्राध्यापक भरतीच्या मुलाखतीला अनुभवाचा कागद तासिकेचाच लागतो. त्यातल्या दिरंगाईचा राग रास्त आहे. सहा महिने पगार न देता शिकवून घेणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पण तिचा तोडगा म्हणून हातचं सोडून देऊ नये. आठवड्याला आठ-दहा तास द्या. नेमणुकीच्या पत्रात बाहेरच्या कामाबद्दल काही अट आहे का ते वाचून घ्या. पूर्णवेळ पदावर गेलात तर मात्र आधी लेखी परवानगी लागेल.

काही कंपन्या टाइम ट्रॅकर घालायला लावतात, तो मधूनमधून पडद्याचं चित्र घेतो. लॅपटॉपवर या कामासाठी वेगळं युजर खातं करा. त्यात विद्यापीठाचे पेपर, गुणपत्रकं किंवा बँकेचं पान उघडायचं नाही. प्रकल्पाचं नाव किंवा पडद्याचे फोटो स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायचे नाहीत. सीव्हीत 'सेंद्रिय रसायनशास्त्रातील एआय उत्तरांचं मूल्यमापन' एवढंच लिहा. आणखी एक, रसायनशास्त्रात हे येतंच: स्फोटकं, विषारी वायू, अमली पदार्थ यांवर मॉडेल किती सांगतं ते तपासायचे प्रकल्प असतात. नको वाटलं तर नाही म्हणा. घेतलंत तर त्यातलं काहीही कंपनीच्या पानाबाहेर लिहू नका.

करांबद्दल थोडक्यात. हे उत्पन्न पगारात बसत नाही, त्यामुळे आयटीआर-१ चालणार नाही. ४४एडीए म्हणून ओळखली जाणारी ठरावीक व्यावसायिकांसाठीची तरतूद (१ एप्रिल २०२६ पासून नव्या कायद्यात तिचा क्रमांक बदलला) तुमच्या कामाला 'तांत्रिक सल्लागार' म्हणून लागते का ते सीएंना विचारा. लागली तर निम्मी रक्कम नफा धरून आयटीआर-४ भरता येतो. वर्षाचा उरलेला कर १०,००० रुपयांच्या वर जात असेल तर आगाऊ कर भरावा लागतो, आणि या तरतुदीखाली तो १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो. वर्षाची जमा २० लाखांच्या आत आहे तोवर जीएसटी नोंदणीची चिंता नको. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचा बँकेचा दाखला जपून ठेवा. अमेरिकी कंपनी डब्ल्यू-८बीईएन नावाचा फॉर्म देईल. तो तुम्ही अमेरिकी नाही हे सांगण्यासाठी असतो. त्यात पॅन द्यायचा, आणि काम भारतात बसून केलेलं असल्याने तिकडे कर कापला जायचं कारण नाही.

राहिला धोंडा. संकोचू नका, हा प्रश्न पडायलाच हवा. तुम्ही नाही म्हणालात म्हणून मॉडेल थांबणार नाही, तिथे दुसरा कुणी बसेल. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तुमचा विद्यार्थी ज्याला विचारतो ते हेच मॉडेल आहे. ते त्याला ३-मेंथीन सांगतं की २-मेंथीन, यात तुमचा हात असावा असं मला मनापासून वाटतं. पण नोट्स छापून देणं, प्रश्नसंच तयार करणं, यावर जे शिक्षक पोट भरतात त्यांचं काम यातून कमी होईल, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातनाचा संच जोडताना मुलीचा हात थरथरतो तेव्हा शेजारी उभं राहण्याचं काम अजून कुणाच्या हाती गेलेलं नाही. प्रात्यक्षिकांच्या तासिका मिळत असतील तर त्या आधी घ्या.

मुलाखतीआधी एक काम नक्की उरका. पीएच.डी.ची पदवी माहेरच्या नावावर, आधार सासरच्या, पॅनवर वडिलांचं नाव मधे आणि बँकेत नुसतं आद्याक्षर, असं आपल्याकडे फार बायकांचं असतं. पडताळणी करणाऱ्या यंत्राला ही चार वेगळी माणसं वाटतात. काम करून झाल्यावर पैसे नेमके इथे अडकतात. पॅन, बँक आणि कंपनीतलं खातं यांवर अक्षरशः एकच नाव करून घ्या, आणि पदवीसाठी विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र स्कॅन करून हाताशी ठेवा. पॅनची दुरुस्ती व्हायला दिवस लागतात. मुलाखतीची तारीख पुढे मागून घ्यावी लागली तरी घ्या.